पॅक करायचं तर पानं उताणी

लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर पेनाचा उपयोग सही करायला आणि मोसंबीच्या पेटीवर गावाचं नाव घालायला झालेला आहे. आजोबांची सहीही नव्हती, अंगठा होता. वडिलांची सही आहे, पण ती करताना ते अजूनही श्वास धरून ठेवतात. त्यांच्यानंतर मी. कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. एवढ्यावरून मला लिहिता येतं असं होत नाही, हे कळतं. शिवाय विषय पत्त्यांचा, तोही तीन पत्तीचा. ज्यांना हे आवडणार नाही त्यांनी इथंच थांबावं, मला राग येणार नाही. फक्त वाचून झाल्यावर मला "नक्की असंच झालं का?" असं विचारू नये. या "नक्की का?"शी माझं जुनं वैर आहे, आणि हे सगळं त्याच्याचबद्दल आहे.

माझं गाव पाचोड. आमची मोसंबीची छोटी बाग आहे. अवसेला आमच्याकडं औत जुपत नाहीत, त्यामुळं त्या दुपारी वडील, दोन चुलते आणि शेजारचे एक काका बागेतल्या विहिरीजवळ मेंढीकोट खेळायचे. चौघांपैकी कुणी उठलं की मला बसवायचे. पत्त्यांमधलं मला जे काही येत होतं ते तिथलं. दोघा-दोघांच्या जोड्या, चार दश्शा गोळा करायच्या, आणि एक रंग हुकूम ठरलेला. हुकमाची दुर्री पडली तरी ती दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. लहानपणी मला या गोष्टीचं फार कौतुक वाटायचं. मेंढीकोटात आणखी एक सोय आहे, ती तेव्हा लक्षात आली नव्हती. त्यात डाव अर्ध्यात सोडता येत नाही. पानं कशीही असोत, शेवटच्या पानापर्यंत बसावंच लागतं.

बारावीनंतर मी औरंगाबादला निघालो, तेव्हा वडील एसटी स्टँडवर आले होते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "शिनेमा बघ, हाटेलात खा, काय बी कर. तिर्रटाला हात लावू नको." आमच्या भागात तीन पत्तीला तिर्रट म्हणतात, आणि तो शब्द बहुतेक वेळा पोलिसांच्या गाडीबरोबरच गावात येतो. मी खिडकीतून म्हणालो, "नाय लावणार, आबा." हे वचन मी जसंच्या तसं पाळलं नाही. कितपत मोडलं ते पुढं येईलच.

बेगमपुऱ्यात मी एक खोली भाड्यानं घेतली. कॉलेजात पहिल्या वर्षी दोन मित्र झाले. एक फुलंब्रीचा. तो रोज पास काढून एसटीनं ये-जा करायचा, आणि त्याची परतीची गाडी पाचला होती. दुसरा शहरातलाच, शहागंजचा. त्याच्या घरी दखनी बोलत. आमच्याशी तो अर्धं मराठी, अर्धं त्याचं बोलायचा. कॉलेज दोनला सुटायचं. दोन ते पाच एवढा वेळ फुलंब्रीच्या मित्राला कुठंतरी काढायचा असायचा, आणि खोली माझी एकट्याचीच. असं ते सुरू झालं.

पत्ते शहागंजच्या मित्रानं आणले. तीन पत्ती म्हटल्यावर मी उठून उभाच राहिलो. म्हणालो, माझं वडिलांशी बोलणं झालंय. त्यावर त्यानं जरा विचार केला आणि खाली गेला. माझी घरमालकीण म्हातारी बाई, सगळे तिला खाला म्हणत. ती अंगणात चिंचा फोडत बसलेली असायची. तिच्याकडून तो ओंजळभर चिंचोके घेऊन वर आला आणि चटईवर ओतले.

"अब बोल," तो म्हणाला. "चिंचोके से आज तक कौन बरबाद हुआ?"

मी बसलो.

ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाव सुरू होताना प्रत्येकानं एक चिंचोका मध्ये टाकायचा. प्रत्येकाला तीन पानं पालथी वाटायची. मग आळीपाळीनं चाल. आपली पानं न बघता खेळणाऱ्याला एक चिंचोका पुरतो. ज्यानं पानं उचलून पाहिली त्याला दुप्पट टाकावे लागतात, आणि हवं तर तो चाल वाढवू शकतो. वाढवली की पुढच्यालाही तेवढे टाकावे लागतात. ज्याला वाटतं आपलं काही खरं नाही, त्यानं "पॅक" म्हणून पानं टाकायची आणि गप्प बसायचं. त्याचे मध्ये पडलेले चिंचोके गेले. शेवटी दोघंच उरले की कुणीही एक चाल टाकून "शो" मागू शकतो. मग दोघांनी पानं उघडायची. तीन सारखी पानं सगळ्यात मोठी. त्याखाली एकाच रंगाची लागोपाठ तीन. त्याखाली वेगवेगळ्या रंगांची लागोपाठ. त्याखाली तिन्ही एका रंगाची, त्याला कलर म्हणतात. मग जोडी. काहीच नसेल तर ज्याचं पान मोठं त्याचा डाव. बास, एवढंच. पंधरा मिनिटांत येतं.

मला पंधरा मिनिटांत आलं नाही, त्याला कारण आमच्या भाषा. शहागंजच्या मित्रानं एकेक पान दाखवत रंग सांगितले. चौकटला तो ईंट म्हणाला, किलवरला चिडी, बदामला पान, आणि इस्पिक दाखवून म्हणाला, "और ये हुकुम." बदामला पान म्हणणंच मला विचित्र वाटलं, कारण आमच्याकडं सगळीच पानं. पण हुकूम म्हटल्यावर मात्र मी मनात मान डोलावली. मला वाटलं, मेंढीकोटात ठरवतात तसा आज इस्पिकचा हुकूम ठरला. आता इस्पिकचं कुठलंही पान कशालाही मारणार.

पहिल्याच डावात माझ्या हातात इस्पिकची दुर्री आली, इस्पिकचीच पंजी आणि किलवरची नव्वी. दोन-दोन हुकूम! मी पाहून चाल टाकली. त्यांनी टाकली, मी वाढवली. शहागंजच्या मित्रानं पॅक केलं. फुलंब्रीचा मित्र माझ्याकडं बघत राहिला आणि चाल टाकत राहिला. माझ्यापुढचे सगळे चिंचोके मध्ये गेले तेव्हा त्यानं शो मागितला. त्यानं दोन राण्या ठेवल्या. मी दुर्री जोरात आपटली आणि म्हणालो, "हुकूम!"

दोघांनी वाकून ती दुर्री पाहिली. मग फुलंब्रीचा मित्र म्हणाला, "आरं, हुकूम म्हंजी?"

"हुकूम म्हंजी हुकूम. यानंच सांगितलं ना."

शहागंजचा मित्र चटईवर आडवा झाला. हसताना त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "अरे, हुकुम मतलब ये... ये इस्पिक! बस नाम है उसका!" खालून खालानं विचारलं काय झालं, तेव्हा त्यानं तिलाही ओरडून सांगितलं. त्या दिवसापासून मी हुकूमसाहेब झालो. कॉलेजच्या सायकल स्टँडवरसुद्धा.

मी हसलो, पण आतून कुठंतरी ठरलं की आपण इथं चुकीचे आहोत. घरी जे खात्रीचं होतं ते इथं चालत नाही. यापुढं खात्री करायचीच नाही. पुढच्या डावापासून मी पॅक करायला लागलो. कुणी चाल वाढवली की मी पॅक. कुणी माझ्याकडं रोखून पाहिलं की पॅक. शहागंजचा मित्र तर नुसता खाकरायचा आणि मी पानं पालथी टाकायचो. माझे चिंचोके हळूहळू संपायचे, कुणाला पत्ताही लागायचा नाही. मला वाटायचं, मी सावध आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. एका पुडीत पांढरा क्षार देतात आणि तो कशाचा आहे ते ओळखायचं. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागतं. ते गेलं तर वर्ष गेलं. माझ्या पुडीतल्या क्षारानं ज्योतीला गडद लाल रंग दिला. स्ट्रॉन्शियम. पुढच्या चाचण्याही तेच सांगत होत्या. मी वहीत स्ट्रॉन्शियम लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक टेबलांमधून फिरत माझ्यापाशी आले, वहीत पाहिलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "नक्की? कॅल्शियम नाही ना?"

कॅल्शियमची ज्योत विटकरी असते. माझी विटकरी नव्हती. मला ते माहीत होतं. तरीही मी म्हणालो, "हो सर, कॅल्शियम." आणि त्यांच्यासमोरच वहीतला शब्द खोडला.

निकालाच्या फलकावर माझ्या नंबरापुढं नापास होतं.

घरी सांगायला गेलो तेव्हा वडील बागेत झाडांची आळी साफ करत होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, "आक्टोबरला परत बसता येतंय म्हनतोस ना. बस. त्यात नाय झालं तर मग घरी ये. बागंला मानूस लागतोयच." त्यांच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. बागेला खरंच माणूस लागत होता. पण मला त्या वाक्यानंतर जेवण गेलं नाही. कॉलेज सुटलं तर मी परत कधीच बसणार नाही, हे मला ठाऊक होतं. बागेची सवय लवकर लागते.

परत आलो त्या दुपारी मित्रांना सगळं सांगितलं. लाल ज्योत, भुवया, कॅल्शियम. फुलंब्रीचा मित्र पत्ते पिसत होता. त्याचे हात थांबले.

"म्हंजी तुझ्याकडं बराबर उत्तर व्हतं?"

"व्हय."

"आन् त्यो नुसता नक्की का म्हनला?"

"व्हय."

"म्हंजी पॅक केलंस तू," तो म्हणाला.

त्यानं हे हसत म्हटलं नव्हतं. मग त्यानं पानं वाटली आणि आम्ही खेळायला लागलो, कारण दुसरं काय करणार. दोन-तीन डावांनंतर मी नेहमीसारखं पॅक केलं आणि पानं पालथी टाकली. त्या डावात फुलंब्रीचा मित्र सत्त्यांच्या जोडीवर जिंकला. चिंचोके ओढताना त्यानं सहज माझी टाकलेली पानं उलटून पाहिली. असं करायचं नसतं. पण त्यानं केलं, आणि ती तशीच उघडी धरून बसला. चौकटची तिर्री, अठ्ठी, राजा.

"आरं येड्या! कलर फेकलास?"

"तू चाल वाढवलीस," मी म्हणालो.

"मी वाढवली म्हनून? माझ्याकडं सत्त्या व्हत्या! कामून फेकलास?"

शहागंजच्या मित्रानं ती पानं घेतली, माझ्याकडं पाहिलं, परत पानांकडं पाहिलं. "दो साल से ये ऐसाच कर रा होगा," तो हळूच म्हणाला. "और हम समझे इसका नसीब खराब है."

नियम तिथल्या तिथं फुलंब्रीच्या मित्रानं केला. म्हणाला, आजपासून या खोलीत पॅक करायचं तर पानं उताणी टाकायची. सगळ्यांसमोर. मोठ्यानं वाचून. "आन् हे तुझ्यासाठी नाय," तो मला म्हणाला, "समद्यांसाठी हाय." ते खोटं होतं, पण मला बरं वाटलं.

खेळ बाकी सगळा तोच. वाटप तेच, चाल तीच, शो तोच. फक्त हा एक फरक, आणि तेवढ्यानं तीन पत्ती दुसरीच होते. ज्यांना मित्रांबरोबर खेळून पाहायचंय त्यांना सांगतो, तिघं किंवा चौघं पुरे, आणि चिंचोकेच घ्या. पहिली गोष्ट अशी की उघडी पडलेली पानं सगळ्यांना दिसतात. टाकलेल्या आणि आपल्या पानांत मिळून तीन एक्के दिसत असतील तर समोरच्याकडं एक्क्यांची जोडी असेल ही भीती उरत नाही. नुसत्या चेहऱ्याकडं बघून घाबरण्यापेक्षा चटईकडं बघून हिशोब करता येतो. दुसरी गोष्ट, पोकळ चाल वाढवून घाबरवणाऱ्याची पंचाईत होते. त्याला शेवटी पॅक करावंच लागलं तर त्याचं सोंग सगळ्यांच्या समोर उताणं पडतं. शहागंजच्या मित्राचं पहिल्या आठवड्यातच तीनदा पडलं. "मेरा तो धंदा बंद कर दिए तुम लोग," तो म्हणायचा.

आणि तिसरी गोष्ट माझी. पॅक करताना मला वाचून दाखवावं लागायचं, "गुलामाची जोडी, पॅक." "नव्वी, दश्शी, गुलाम, पॅक." आपल्याच आवाजात ते ऐकताना कानशिलं तापायची. पालथी टाकलेली पानं मी स्वतःही विसरून जायचो. उताणी टाकलेली विसरता येत नव्हती. पहिले काही दिवस मी तरीही टाकत राहिलो. सवय होती. फुलंब्रीचा मित्र डाव संपला की आपली पानं माझ्या पानांशेजारी ठेवायचा. चटईवर माझी जोडी आणि त्याचं नुसतं मोठं पान शेजारी-शेजारी.

एक डाव मला पानापानानं आठवतो. फुलंब्रीच्या मित्रानं पॅक केलं, वाचलं, "एक्का, नव्वी, चव्वी." माझ्याकडं पंज्यांची जोडी आणि एक अठ्ठी होती. शहागंजच्या मित्रानं पाहून चाल वाढवली. परत वाढवली. मग मांडी बदलून बसला आणि म्हणाला, "सोच ले, हुकूमसाहब. अभी भी वक्त है."

हे "अभी भी वक्त है" त्या परीक्षकांच्या "नक्की?"सारखंच होतं. माझा हात पानांकडं गेला होता. पण टाकली तर "पंज्यांची जोडी, पॅक" असं वाचावं लागणार होतं. ते वाचायची इतकी लाज वाटली की त्यापुढं हरायची भीती लहान वाटायला लागली. मी चार चिंचोके मध्ये टाकले. "शो," मी म्हणालो. आवाज चिरका आला.

त्यानं पानं ठेवली. राजा, गुलाम, सत्ती. काही नाही.

फुलंब्रीचा मित्र असा ओरडला की खाला जिन्यात आली. शहागंजच्या मित्रानं दोन्ही हातांनी चिंचोक्यांचा ढीग माझ्याकडं लोटला. "लो," तो म्हणाला, "मियाँ जवान हो गए." मी ते चिंचोके ओढून घेतले. ओंजळीत मावत नव्हते. त्याच्या पुढच्याच डावात मी कलरवर बसून राहिलो आणि फुलंब्रीच्या मित्राच्या मोठ्या कलरपुढं हरलो. आश्चर्य म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. मी पानं नीट मांडली होती.

ऑक्टोबरची परीक्षा आली. तीच प्रयोगशाळा, तेच बर्नर, परीक्षक मात्र दुसरे. माझ्या पुडीत पांढरा क्षार. प्लॅटिनमच्या तारेवर धरला तर ज्योत पोपटी. बेरियम. पोटॅशियम क्रोमेट टाकलं तर पिवळा साका. बेरियमच. मी सगळ्या चाचण्या दुसऱ्यांदा केल्या, आणि वहीत लिहिलं.

परीक्षक आले. वही पाहिली. या वेळी भुवयाही नाहीत. नुसतं शांतपणे म्हणाले, "बेरियम? हिरवी ज्योत तांब्याचीही असते."

मी पुडी त्यांच्यापुढं सरकवली. म्हणालो, "सर, क्षार पांढरा आहे. तांब्याचा असता तर निळसर दिसला असता."

"आणखी?"

"क्रोमेटनं पिवळा साका आला."

"नक्की?"

"नक्की, सर."

ते वहीवर बोट ठेवून उभे राहिले. "अजून वेळ आहे. बदलायचं असेल तर बदल."

आणि मी, देवाशप्पथ, म्हणालो, "नाही सर. शो."

"काय?"

"म्हणजे... तुमच्याकडची यादी बघा, सर," मी म्हणालो. कान लाल झाले होते. पुडीच्या नंबरापुढं कोणता क्षार आहे त्याची यादी त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती पाहिली. चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. शहागंजच्या मित्रानं त्यांच्याकडून शिकावं असा तो चेहरा होता. "जा," ते म्हणाले.

बाहेर दोघं उभे होते. मी सांगितलं. फुलंब्रीच्या मित्रानं पाठीत असा धपाटा मारला की मी पायरीवरून खाली आलो. "परीक्षकाला शो? आरं, लई भारी!" पण पास की नापास हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षक उलट बोलल्याबद्दल मार्क कापतील की काय, अशीही एक शंका मला होती.

निकाल यायच्या आधी बागेची तोडणी आली आणि मला गावी जावं लागलं. बाजारपेठेत तेव्हा फोन एकच, किराणा दुकानात. त्या दुकानदाराची पद्धत अशी की फोन कुणाचाही असो, निरोप तो पायरीवर येऊन सगळ्या बाजाराला ऐकवायचा. कुणाची सोयरीक मोडली हेसुद्धा लोकांना असंच कळलं होतं. माझं नापास होणं बाजारभर होऊ नये म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं. शहागंजच्या मित्रानं फलक पाहून फोन करायचा. नापास असेल तर निरोप, "पॅक." पास असेल तर, "हुकूम." हा शब्द त्यानंच निवडला. मला चिडवायचं त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.

पहिला आठवडी बाजार गेला. फोन नाही. दुसरा गेला. वडील विचारत नव्हते, पण माझ्याकडं बघायचे आणि मग बागेकडं बघायचे. एकदा नुसतं म्हणाले, "कोपऱ्यातली झाडं तू बघत जा आता." मला त्याचा अर्थ कळला. मी त्या झाडांना आळी करायला घेतली.

तिसऱ्या बाजारच्या दिवशी आम्ही पेट्या घेऊन आलो होतो. व्यापारी मोसंबी पारखून घेत होता, वडील पेटी उचलून देत होते. ऊन चांगलं चढलं होतं. तेवढ्यात दुकानदार पायरीवर आला, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला,

"ओ मोसंबीवाले! तुमच्या पोराचा हुकूम आलाय औरंगाबादहून!"

वडिलांच्या हातातली पेटी तिथंच थांबली. आमच्याकडं जुन्या माणसांना हुकूम म्हणजे कचेरीचाच. निजामाच्या वक्ताला घरी हुकूम आला की काहीतरी जायचंच, असं आजोबा सांगायचे. वडिलांनी पेटी खाली ठेवली.

"कसला हुकूम?"

"ते मला काय ठावं? हिंदीत बोललं पोरगं. तीन खेपा बोललं. 'हुकुम आया, हुकुम का एक्का.' आन् हसत फोन ठिवला."

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. वडील माझ्यापाशी आले. ते मेंढीकोट खेळणारे आहेत, त्यांना दोन्ही हुकूम माहीत होते. खालच्या आवाजात म्हणाले,

"कचेरीतला का पत्त्यातला?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "पत्त्यातला, आबा."

"म्हंजी खेळलास."

"खेळलो. चिंचोक्यांवर. पैसा नाय लावला."

"चिंचोके?" ते म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. "आन् हुकूम आला म्हंजी काय झालं?"

"पास झालो."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. अवसेच्या दुपारी हातातलं पान टाकायच्या आधी बघायचे तसंच.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

ते वळले. बाजारात भाव सोडून दुसऱ्या कशासाठी त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. दुकानदाराकडं हात करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ते ओरडले,

"ओ, हुकूम म्हंजी पास! पोरगं पास झालं!"